‘ढ’ कोण, हे ठरवायचं कसं?

मुलांनो, आपल्या मुळाक्षरांतल्या ‘ढ’ या अक्षराची एक गंमत सांगतात. सम्राट अशोकाच्या काळात ब्राह्मी लिपी होती. तिच्यातली बहुतेक अक्षरं बदलत बदलत आजच्या रूपाला आली. ‘क’ बदलला, ‘म’ बदलला, ‘स’ बदलला. ‘ढ’ मात्र फारसा बदललाच नाही! म्हणून ज्याच्यात वर्षानुवर्षं काही फरक पडत नाही, तो ‘ढ’. गोष्ट गमतीची आहे, पण वर्गात हा शब्द ज्याला चिकटतो त्याला मुळीच गंमत वाटत नाही.

आमच्या पाथर्डी तालुक्यात हा शब्द दरवर्षी एका ठरावीक मोसमात जास्त ऐकू येतो. पाथर्डी अहिल्यानगर जिल्ह्याच्या (म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या) पूर्व टोकाला, बीड जिल्ह्याला लागून आहे. गर्भगिरीचे डोंगर, हलकी जमीन आणि पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे दसरा-दिवाळी आटोपली की इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, गाईगुरं, लहान मुलं घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. त्या कोयत्यामागे मुलं असतात. धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं, जमलंच तर मोळ्या बांधू लागणं, ही त्यांची कामं.

ही मुलं परत शाळेत आली की फळ्यावरचा भागाकार त्यांना येत नाही, वाचताना अडखळतात. मग कुणीतरी बोलून जातं, “तोडीला गेलेली पोरं ढच असायची!” मी याच तालुक्यात मुलांना शिकवत आलो. हे वाक्य मी शाळेत ऐकलं, एस. टी. स्टँडवर ऐकलं आणि वाईट म्हणजे त्या मुलांच्या आईबापांच्या तोंडूनही ऐकलं. “गुरुजी, आमच्या पोराचं डोकंच चालत न्हाई,” असं एखादी माउली सहज म्हणते. जवळच उभं असलेलं पोरगं ते ऐकत असतं.

आता प्रश्न असा आहे. हे वाक्य खरं की खोटं? आणि खरं-खोटं करायचं कसं? मला नुसता राग आला म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि शंभर जणांनी म्हटलं म्हणून खरंही ठरत नाही. माणसाच्या मनाचा आणि बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला मानसशास्त्र म्हणतात. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी या शास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मनाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरंही प्रयोग करून शोधण्याची पद्धत रुळली. हे प्रयोग किती तऱ्हांचे असतात, ते आज पाहू. म्हणजे आपल्या प्रश्नाला कोणता लागू पडतो, तेही समजेल.

नंदीबैल आणि हुशार हान्स

आमच्या तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. कितीतरी भटक्या जमातींचे लोक तिथं जमतात, म्हणून मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. आमच्या भागात नंदीबैलवालेही फिरतात. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, ढोलकं गुबूगुबू वाजतंय. “सांग रे नंदी, औंदा पाऊस पडंल का?” नंदी मान हलवतो आणि लोक खूश! मालकाच्या खुणेवर बैलाला शिकवलेलं असतं, हे मोठ्यांना माहीत असतं. तरीही लहानपणी आपल्याला वाटतंच की याला खरंच कळतंय.

असाच एक नंदीबैल, म्हणजे खरं तर घोडा, बर्लिनमध्ये होता. नाव हान्स. त्याचे मालक फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणित शिक्षक होते. “तीन अधिक चार किती?” असं विचारलं की हान्स खुरानं जमिनीवर सात ठोके द्यायचा. गंमत अशी की फॉन ऑस्टेन लबाडी करत नव्हते. आपला घोडा खरोखर गणित करतो, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. मालक बाजूला झाला आणि परक्या माणसानं प्रश्न विचारला, तरी घोडा बरोबर उत्तर द्यायचा! १९०४ मध्ये जाणकारांच्या एका समितीनं तपासणी केली. तिलाही यात काही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंगस्ट नावाच्या तरुण अभ्यासकानं काय केलं पाहा. त्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी असे प्रश्न विचारले, की ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक होतं. मग असे, की ज्यांचं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी हान्सची दांडी उडाली! मग त्यानं घोड्याला विचारणारा माणूस दिसणार नाही अशी व्यवस्था केली. पुन्हा हान्स नापास. म्हणजे घोडा आकडे वाचत नव्हता, तो माणूस वाचत होता. ठोके बरोबर संख्येपर्यंत आले की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं. ती हालचाल दिसली की हान्स थांबायचा. फुंगस्टनं १९०७ मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं.

प्रयोगाचा गाभा हाच आहे बरं का! एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, आणि काय फरक पडतो ते बघायचं. दुसराही एक धडा यात आहे. विचारणाऱ्याच्या मनात जी अपेक्षा असते, ती नकळत समोरच्यापर्यंत पोचते. घोड्यापर्यंत पोचते, तर मग चौथीतल्या मुलापर्यंत पोचणार नाही का?

मोजणं वेगळं, प्रयोग वेगळा

पुष्कळांना वाटतं, बुद्धीची चाचणी घेतली की झाला मानसशास्त्राचा प्रयोग. तसं नसतं. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. ती फ्रान्सच्या मुलांसाठी. आपल्या मुलांना ती जशीच्या तशी कशी चालेल? जी वस्तू मुलानं कधी पाहिलीच नाही, तिच्याबद्दल विचारून त्याची बुद्धी कशी मोजणार? हा विचार करून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी ती चाचणी नव्यानं बसवली. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही माहीत असतं.

पण चाचणी म्हणजे ताप मोजायची काचेची नळी. ताप १०२ आहे एवढं ती सांगते. तो मलेरियाचा आहे की पावसात भिजल्याचा, हे ती सांगत नाही. ‘कशामुळे’ या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर प्रयोगच करावा लागतो. तोडीहून आलेल्या मुलाला गुण कमी पडले, हे मोजमाप झालं. ते त्याच्या डोक्यामुळे पडले की बुडालेल्या शाळेमुळे, हे त्या गुणांवरून कसं कळणार?

पहिली तऱ्हा: प्रयोगशाळेतला प्रयोग

हा प्रयोग तुम्ही घरीही करू शकाल. एका कागदावर रंगांची नावं लिहा. पण ‘लाल’ हा शब्द हिरव्या स्केचपेननं, ‘हिरवा’ हा शब्द निळ्यानं, ‘निळा’ हा शब्द लाल पेननं. असे वीस शब्द करा. दुसऱ्या कागदावर शब्द न लिहिता त्याच रंगांचे वीस ठिपके काढा. आता ताईला किंवा दादाला दोन्ही कागदांवरचे रंग भराभर सांगायला लावा. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा! घड्याळ लावा. ठिपक्यांपेक्षा शब्दांना बराच जास्त वेळ लागेल आणि मधेच जीभ अडखळेल. आपल्याला वाचायची इतकी सवय असते की डोळे शब्द आधी वाचतात आणि रंग मागे राहतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले, म्हणून याला ‘स्ट्रूप परिणाम’ म्हणतात.

पण एक काळजी घ्यायची. सगळ्यांना आधी ठिपके आणि मग शब्द दिले, तर कुणी म्हणेल, “दुसऱ्या वेळी दमला म्हणून वेळ लागला.” म्हणून नाणं उडवा. छाप आली तर आधी ठिपके, काटा आला तर आधी शब्द. वरवर हा पोरखेळ वाटतो. पण प्रयोगाचा प्रामाणिकपणा या नाण्यातच असतो. कुणाला काय द्यायचं ते आपण ठरवत नाही, नाणं ठरवतं.

प्रयोगशाळेत आवाज, उजेड, वेळ सगळं आपल्या हातात असतं. हा तिचा मोठा गुण. दोष असा, की खरं आयुष्य प्रयोगशाळेत घडत नाही. फडावरची कोपी तिथं कुठून आणणार?

दुसरी तऱ्हा: शेतातला प्रयोग

शेत म्हणजे इथं खरोखरचं ठिकाण. शाळा, बाजार, दवाखाना, गाव. माणसं जिथं आहेत तिथंच जाऊन प्रयोग करायचा. याला क्षेत्रीय प्रयोग म्हणतात. याचं एक छान उदाहरण आपल्या मुंबईतच घडलं.

‘प्रथम’ या संस्थेनं मुंबईच्या काही महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या होत्या. बालसखी म्हणजे त्याच भागातली, शाळा शिकलेली तरुण मुलगी. वर्गात जी मुलं वाचनात आणि साध्या हिशेबात मागे पडली आहेत, अशी पंधरा-वीस मुलं ती रोज सुमारे दोन तास वेगळी बसवायची आणि जिथं अडलंय तिथून शिकवायची. याचा उपयोग होतो का? २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा इथं अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे त्यांनी सोडत काढल्यासारखं ठरवलं. काही शाळांत एका इयत्तेला, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. त्यामुळे कुठलीच शाळा वगळली गेली नाही आणि तुलनाही करता आली. ज्यांना बालसखी मिळाली तो ‘प्रायोगिक गट’, ज्यांना त्या वर्षी मिळाली नाही तो ‘नियंत्रित गट’.

निकाल असा, की बालसखी असलेल्या इयत्तांचे गुण वाढले, आणि सगळ्यांत जास्त फायदा झाला तो सगळ्यांत मागे असलेल्या मुलांना. कालपर्यंत ज्यांना ‘ढ’ म्हणत होते त्यांनाच! हेही सांगायला हवं, की मदत थांबल्यावर वर्षभरानं हा फायदा बराच ओसरला, थोडाच उरला. म्हणजे खत एकदा घालून भागत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. बॅनर्जींची आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, हे जाता जाता.

मग आमच्या प्रश्नाचं काय?

आता कुणी म्हणेल, “सोपं आहे गुरुजी! तोडीला गेलेली मुलं आणि गावात राहिलेली मुलं, दोघांचे गुण समोर ठेवा. झाला प्रयोग.”

थांबा. गावात कोण राहतं? ज्याची आजी धडधाकट आहे तो. ज्याचं नाव हंगामी वसतिगृहात लागलं तो. ज्याच्या बापाकडे थोडी बागायत आहे तो. आणि जातं कोण? ज्यांची उचल मोठी, ज्यांच्या घरी मागे सांभाळायला कुणी नाही, ज्यांना अंगावरचं तान्हं बाळ सांभाळायला थोरली मुलगी बरोबर लागते ते. म्हणजे हे दोन गट आधीपासूनच वेगळे! त्यांच्या गुणांतला फरक तोडीमुळे की घरच्या परिस्थितीमुळे, हे सांगता येत नाही. मानसशास्त्रात अशा तुलनेला ‘प्रयोगसदृश’ अभ्यास म्हणतात. प्रयोगासारखा दिसणारा, पण नाणं न उडवलेला. तो उपयोगी असतो, पण त्यातून निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यायचा.

आणि नाणं तरी कसं उडवणार? “तुझी छाप आली, तू जा तोडीला,” असं कुठल्या मुलाला सांगायचं? कुठलाही भला माणूस असं करणार नाही.

तिसरी तऱ्हा: परिस्थितीनंच केलेला प्रयोग

कधी कधी असं होतं, की नाणं परिस्थितीच उडवते आणि अभ्यासकानं फक्त हुशारीनं बघायचं असतं. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. यातलं एक उदाहरण उसाचंच आहे! ते मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

तमिळनाडूतले ऊस पिकवणारे छोटे शेतकरी. पैसा वर्षातून एकदाच, ऊस गेल्यावर. ऊस जाण्याआधीचे महिने ओढाताणीचे. दागिने गहाण, किराण्याची उधारी. ऊस गेला की हात मोकळा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ या चौघांनी ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांची तपासणी केली. तोच शेतकरी, एकदा तोडीआधी आणि एकदा तोडीनंतर. त्याला काही आकृत्या दिल्या. नक्षीतला एक तुकडा गाळलेला असतो, तो ओळखायचा. याला अक्षरओळख लागत नाही. शिवाय स्ट्रूपसारखाच आकड्यांचा एक खेळ दिला. कागदावर ‘५ ५ ५’ असेल तर ‘पाच’ नाही म्हणायचं, ‘तीन’ म्हणायचं, कारण आकडे तीन आहेत.

तोडीआधी आकृत्यांची सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली, तोडीनंतर ५.४५. आकड्यांच्या खेळातही तोडीनंतर वेळ कमी लागला आणि चुका कमी झाल्या. माणूस तोच, डोकं तेच, महिने चार-दोन पुढे. मधल्या काळात तो काही ‘हुशार’ झाला नव्हता. डोक्यावरचा घोर उतरला होता!

कुणी म्हणेल, ऋतू बदलला म्हणून असेल. पण ऊसकरी घरात वाढलेल्या मुलांना ठाऊक आहे, की सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी जात नाही. कारखाना ज्याला त्याला तारीख देतो. म्हणून एकाच महिन्यात एकाचा ऊस गेलेला असतो, तर शेजाऱ्याचा अजून उभा असतो. हेच इथलं नाणं! पुन्हा कुणी म्हणेल, दुसऱ्यांदा तोच खेळ खेळल्यामुळे सराव झाला असेल. म्हणून काही शेतकऱ्यांची पहिलीच तपासणी तोडीनंतर घेतली होती. त्यांनाही चांगलं जमलं. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला.

इथं टाळ्या वाजवून थांबू नका. २०१६ मध्ये अमेरिकेत असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या लोकांची पगाराआधी आणि पगारानंतर तपासणी केली होती. त्यांच्या विचारशक्तीत असा फरक दिसला नाही. महिन्या-पंधरा दिवसांची तंगी आणि वर्षाची तंगी यांत अंतर असेल, किंवा आणखी काही कारण असेल. शास्त्रात एका प्रयोगानं निकाल लागत नाही. शिवाय तमिळनाडूचा अभ्यास मोठ्या शेतकऱ्या माणसांवरचा होता, ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांवरचा नव्हता. मी त्यातून एवढंच घेतो: एखाद्याचं डोकं आज चालत नसेल, तर त्या डोक्यावर आज काय ओझं आहे, ते आधी विचारावं.

बाजारातलं गणित

तोडीहून आलेल्या एका मुलाला मी भागाकार घातला होता. त्याला आला नाही. थोड्या वेळानं सहज विचारलं, “तुमच्या टोळीचा हिशेब कोण ठेवायचं रे?” तर म्हणाला, “मीच.” मोळ्या किती, गाडी भरली किती, टन किती झाले, उचलीतले किती फिटले, सगळं त्यानं घडाघडा तोंडी सांगितलं. भागाकारसुद्धा त्यात होता! फक्त तो फळ्यावर नव्हता.

हे आमच्या तालुक्यातच घडतं असं नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक आधी गिऱ्हाईक बनून गेले आणि हिशेब विचारले. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर. मग तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली, तर शंभरातली सदतीसच बरोबर! मुलं पाचच होती, म्हणून त्यावर मोठी इमारत बांधता येत नव्हती. पण २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास आला. त्यात बॅनर्जी आणि डफ्लो होतेच. तिथंही तेच दिसलं. आणि उलटही दिसलं! शाळेची गणितं सोडवणाऱ्या, पण बाजारात काम न केलेल्या मुलांना बाजारातला हिशेब धड जमेना. मग यांतलं ‘ढ’ कोण?

आता एक प्रयोग सांगतो, तो जरा गंभीरपणे वाचा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींची, ३२१ मुलं दलित समजल्या जाणाऱ्या जातींची. ज्या गटांत कुणाची जात सांगितली नाही, तिथं दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्या गटांत सर्वांसमोर मुलाचं नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली, तिथं दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. कोडी तीच, पेन्सिल तीच. एक शब्द तेवढा मोठ्यानं उच्चारला गेला होता. हा अभ्यास २००४ चा. हान्स घोड्याची आठवण झाली ना?

प्रयोगाची मर्यादा

माणसावर प्रयोग करताना एक नियम सगळ्यांच्या वर असतो. त्याला इजा होता कामा नये. पूर्वी हा नियम इतका काटेकोर नव्हता. अमेरिकेत १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर या दोघांनी ‘अल्बर्ट’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. बाळापुढे पांढरा उंदीर ठेवायचा आणि त्याच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणून मोठा आवाज करायचा. काही वेळानं बाळ नुसता उंदीर पाहूनही रडायला लागलं. पुढे तर सशाला आणि केसाळ कोटालाही भ्यालं. ती भीती घालवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आज असा प्रयोग करायला कुणीही परवानगी देणार नाही. चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स यांनी उलटी वाट दाखवली. पीटर नावाच्या मुलाला सशाची भीती वाटायची. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणत त्यांनी ती भीती घालवली. भीती घालता येते, तशी काढताही येते!

म्हणून तुम्ही घरी-शाळेत प्रयोग कराल तेव्हा तीन गोष्टी पाळा. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आधी विचारा, आणि तो मधेच नको म्हणाला तर थांबा. कुणाला घाबरवू नका, कुणाची चेष्टा करू नका. आणि निकाल काहीही आला तरी त्यावरून कुणाला नाव ठेवू नका. रंगांच्या खेळात धाकटी बहीण अडखळली, तर ती अडखळली एवढंच लिहायचं.

पालकांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. बालसखीसारखं काही करायला मोठी संस्था लागतेच असं नाही. उन्हाळ्यात मुलं परत येतात तेव्हा त्यांची पहिल्याच आठवड्यात परीक्षा घेऊन गुण मोठ्यानं वाचण्याऐवजी, त्यांना कुठपर्यंत येतं ते बाजूला बसवून पाहा. टोळीचा हिशेब येत असेल तर तिथून सुरुवात करा आणि तोच हिशेब वहीवर मांडायला शिकवा. दहावी-बारावीच्या मुलांनी गल्लीतल्या दोन मुलांना रोज तासभर घेतलं, तरी सुट्टीत पुष्कळ होतं.

आणि मुलांनो, तुमच्या बाकावर असा एखादा जोडीदार येईल. त्याला आधी वाचायला लावू नका. एका गाडीत किती टन ऊस बसतो आणि त्याचे पैसे किती होतात, ते त्याच्याकडून शिका. तुमच्या वहीत ते गणित लिहून घ्या. मग ती वही त्याच्यापुढे सरकवा आणि म्हणा, “आता तू लिही.”